अकोल्याचा उन्हाळा आणि मोशनवाली व्हिडिओ बेल : दोन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, बाकीचं मग. बेल चांगली आहे, आम्ही ठेवलीय आणि काढणार नाही. पण ज्यासाठी घेतली होती ते काम, म्हणजे दारात कुणी आलं की आपोआप फोनवर कळणं, ते अकोल्याच्या उन्हाळ्यात अर्धंमुर्धंच होतं, आणि ज्या गोष्टीकडे घेताना मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं, म्हणजे बाहेरच्याने बटण दाबलं की आतून पडल्या पडल्या त्याच्याशी बोलता येणं, त्या एका गोष्टीसाठी मी हीच बेल उद्या परत घेईन. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, जिथे जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तिथे ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी घ्यायच्या आधी हे वाचा, कारण मी घेताना जेवढे रिव्ह्यू बघितले ते सगळे फ्लॅटच्या गार पॅसेजमधे लावलेल्या बेलचे होते.

आमचं घर जठारपेठेत, जुनं बैठं, पुढे अंगण, मग ओटा, ओट्यावर स्लॅब, आणि दाराचं तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारी दोननंतर सूर्य थेट दारावर. गेटपासून दारापर्यंत वीस-बावीस पावलं. आई ७२ वर्षांची, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेली, बाबा गेल्यापासून एकटीच राहते, पुण्याला माझ्याकडे आली की आठ दिवसांत "मले माह्या घरी जाऊ दे" सुरू होतं. २०२३ च्या डिसेंबरमधे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढचे दीड-दोन महिने वॉकर, आणि दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी दारात, दूधवाला, कुरिअर, गॅसवाला, शेजारच्या काकू, वर्गणीवाले. प्रत्येक वेळी बेल वाजली की ती वॉकर घेऊन उठणार, आणि ती दारापर्यंत पोचेपर्यंत माणूस निघून गेलेला. एकदा अशीच घाईत उठताना वॉकरचा पाय चटईत अडकला आणि ती पडता पडता वाचली, त्या दिवशी रात्री मी ऑर्डर टाकली.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या बऱ्याच तक्रारी या जातीच्या सगळ्याच बॅटरीवाल्या बेलना लागू आहेत, एकाच कंपनीच्या माथी मारणं बरोबर नाही. साधारण साडेसहा हजाराला पडली. बाहेर लावायची बेल, तिच्यात कॅमेरा, माईक, स्पीकर, बटण आणि बटणाच्या वर एक दुधी रंगाचा फुगीर प्लास्टिकचा डोळा. घरात प्लगमधे लावायचा एक डबा, त्यातच घंटी वाजते आणि त्यातच मेमरी कार्ड बसतं, त्यामुळे दर महिन्याचे क्लाऊडचे, म्हणजे रेकॉर्डिंग नेटवर साठवायचे, पैसे नाहीत, हे मला फार आवडलं आणि घेताना हे बघाच, नाहीतर बेल स्वस्त वाटते आणि वर्षाचे पैसे भरता भरता तेवढ्याच किमतीची दुसरी बेल आली असती.

जानेवारीत लावली तेव्हा खरं सांगते, मी खूश होते. सकाळी सहाला दूधवाला गेट उघडून ओट्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच पुण्यात माझा फोन "टिंग", आणि स्क्रीनवर मफलर बांधलेला दूधवाला. मांजर आली तरी कळायचं. मी ऑफिसात चार जणांना ही बेल घ्या म्हणून सांगितलं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिलच्या मधे गडबड सुरू झाली. सकाळी अकराला सिलेंडर आला, गॅसवाल्याने तो ओट्यावर आणून ठेवला, आईने पैसे दिले, तो गेला, आणि माझ्या फोनवर काहीच नाही, कार्डात पण काहीच नाही, जणू तो आलाच नव्हता. उलट दुपारी तीनला, जेव्हा अकोल्यात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, तेव्हा फोन टिंग टिंग टिंग, उघडून बघावं तर रिकामं अंगण आणि हलणारी बोगनवेल.

मी कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी सेन्सिटिव्हिटी वाढवा म्हणून सांगितलं. वाढवली तर दुपारचं टिंग टिंग दुप्पट झालं आणि अकराचा माणूस तरीही दिसेना. परत फोन केला तर म्हणाले कमी करा.

इथे आई मधे पडली. तिने जुनी लांब वही काढली, पट्टीने रकाने आखले, अगदी वॉर्डमधे टीपीआरचा (ताप, नाडी, श्वास) चार्ट ठेवतात तसे : तारीख, वेळ, कोण आलं, फोन आपोआप वाजला का, बटण दाबलं का, आणि शेवटचा रकाना "ओट्यावरचं तापमान". बाबांनी कधीतरी आणलेलं भिंतीवरचं थर्मामीटर तिने बेलच्या शेजारी सावलीत खिळ्याला अडकवलं. न वाजलेल्या नोंदीपुढे लाल पेनाने फुली. मी म्हटलं आई एवढं कशाला, तर म्हणाली, "पेशंट काय सांगते ते नाई पाहाव, चार्ट काय सांगते ते पाहाव." आठ दिवसांचा चार्ट तिने मला फोटो काढून पाठवला आणि मी तो बघतच बसले. २६ जण आले होते, ९ जणांपुढे लाल फुली, आणि त्या नऊपैकी सात फुल्या ओट्यावर ३५ ते ३८ डिग्री असतानाच्या, म्हणजे सकाळी साडेदहा-अकराच्या आसपास आणि मग संध्याकाळी सात ते नऊ. सकाळी सहाचा दूधवाला एकदाही चुकलेला नाही, तेव्हा तापमान २८-२९.

यानंतर मी हा सेन्सर नेमका काय असतो ते बसून वाचलं आणि सगळं लख्ख कळलं. आपण "मोशन सेन्सर" म्हणतो म्हणून आपल्याला वाटतं की तो हालचाल बघतो. तो हालचाल बघतच नाही, तो उष्णता बघतो. माणसाच्या अंगातून सतत उष्णतेच्या लहरी निघत असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या, साधारण ९-१० मायक्रॉनच्या, आणि त्या दुधी डोळ्याच्या आत एक बारीकसा पायरोइलेक्ट्रिक तुकडा असतो, त्याचे शेजारी शेजारी दोन भाग. एका भागावर जास्त उष्णता पडली आणि दुसऱ्यावर कमी, की त्यातून किंचित वीज निघते, तेवढाच त्याचा इशारा. दोन्हीवर सारखीच पडली तर तो गप्प. आणि तो फुगीर प्लास्टिकचा डोळा म्हणजे नुसतं झाकण नाही, बोट फिरवून बघा, आतल्या बाजूने खाचा लागतात, ते फ्रेनेलचं भिंग आहे, दीपगृहाच्या दिव्यात असतं त्याच जातीचं, समोरच्या जागेचे ते पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतं. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की सेन्सरला चढउतार जाणवतो.

आता विचार करा, माणसाची कातडी साधारण ३३-३५ डिग्री, आणि त्याच्या मागची भिंत, फरशी, गेट, सगळं ३५-३८ ला आलेलं. मग फरक उरला कुठे? सेन्सरच्या लेखी तो माणूस भिंतीत विरघळून गेला. जानेवारीत मागची भिंत १८ ची आणि माणूस ३३ चा, त्यामुळे मांजरसुद्धा सुटत नव्हती. आणि भर दुपारी उलटं होतं, कंपाऊंडची भिंत उन्हाने भाजून निघालेली, तिच्यासमोर बोगनवेलीची फांदी वाऱ्याने हलते, भिंत झाकते, उघडते, झाकते, उघडते, सेन्सरला वाटतं गार-गरम काहीतरी चाललंय. त्यात गरम वाऱ्याचा झोत थेट त्या प्लास्टिकवर. म्हणजे बेल खराब नव्हतीच, ती तिच्या स्वभावाप्रमाणेच वागत होती, फक्त खोक्यावर हे कुणी लिहीत नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं "५० डिग्रीपर्यंत चालते". चालते म्हणजे बंद पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि विदर्भातल्या माणसाने तो अर्थ नीट समजून घ्यावा.

तुम्ही म्हणाल कॅमेरा आहे ना, मग चित्रात माणूस दिसत नाही का. दिसतो, पण कॅमेरा तेव्हा झोपलेला असतो. बॅटरीवर चालणाऱ्या बेलचा कॅमेरा चोवीस तास चालू ठेवला तर बॅटरी दोन दिवस पण जाणार नाही, म्हणून कॅमेरा आणि वायफाय निजलेले आणि फक्त हा उष्णतेचा सेन्सर जागा, त्याला चालायला वीज जवळजवळ लागतच नाही. वॉर्डात सगळे झोपलेत आणि एकटी नाईटची सिस्टर जागी आहे तसं, हे आईचं उदाहरण. सिस्टरने हाक मारली तरच डॉक्टर उठणार. आणि उठायला सेकंद-दोन सेकंद लागतातच, म्हणून या बेलच्या अर्ध्या व्हिडिओत माणसाचा चेहरा नसतो, परत जाणारी पाठ असते. हे ज्यांच्या बेलमधे होतंय त्यांनी नेटला दोष देऊ नका.

मग आम्ही काय केलं ते सांगते, कारण यातलं बरंच फुकट आहे.

पहिलं म्हणजे जागा बदलली. आधी बेल दाराच्या चौकटीवर, गेटच्या बरोबर समोर होती, माणूस सरळ तिच्या अंगावर चालत यायचा. या सेन्सरला समोरून सरळ येणारा माणूस नीट कळत नाही, कारण तो बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो, आडवा जाणारा लगेच कळतो. म्हणून ती ओट्याच्या बाजूच्या खांबावर, गेटकडून दाराकडे जाणाऱ्या वाटेला आडवी लावली, साधारण सव्वाचार फूट उंचीवर. येणाऱ्याला बटण शोधायला लागू नये म्हणून आईने दारावर खडूने बाण काढला, नंतर मी छापील स्टिकर पाठवला, पण खडूचाच बाण अजून आहे. दुसरं, वर्कशॉपमधून पत्र्याची एक छोटी छत्री करून घेतली, दीडशे रुपये, त्यामुळे चारनंतरचं तिरपं ऊन भिंगावर पडायचं थांबलं. तिसरं, बोगनवेल छाटली, याचं आईला वाईट वाटलं, पण दुपारचं टिंग टिंग त्यानेच सगळ्यात जास्त कमी झालं. एक चूक मात्र करू नका, उन्हापासून वाचवायला म्हणून बेल खिडकीच्या काचेमागे ठेवायची, मी दोन दिवस ठेवून बघितली. काचेतून आपल्याला दिसतं, कॅमेऱ्यालाही दिसतं, पण अंगाची उष्णता त्या काचेतून पार जातच नाही, सेन्सर ठार आंधळा होतो.

एवढं करून जूनच्या पहिल्या आठवड्यात आईने परत चार्ट ठेवला, २२ जण आणि ३ फुल्या. बरं झालं, पण पूर्ण नाही.

पूर्ण झालं ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि त्यासाठी थोडं मागे जायला लागेल. ऑपरेशननंतर बेलच्याही आधी मी हॉलमधे एक गोल फिरणारा वायफाय कॅमेरा लावला होता, दीड-दोन हजाराचा असतो तो, फोनवरून मान फिरवता येते, बोलता येतं. माझ्या मनात काळजीच होती, आई पडली-बिडली तर कळावं. मी तिला न विचारता लावला. चौथ्या दिवशी बघते तर स्क्रीनवर नुसतं पांढरं, मला वाटलं बिघडला, फोन केला तर शांतपणे म्हणाली, "टॉवेल टाकला मी त्याच्यावर." आणि मग म्हणाली, "मी काय आयसीयूत हाओ काय व? तेहतीस वर्षं मीच लोकाइले पाहत बसली, पाहून घेनं कसं लागते ते मले चांगलं समजते." मला त्या दिवशी रात्री झोप आली नाही. तिचं शंभर टक्के बरोबर होतं आणि आजही मी हे कळकळीने सांगते, आईवडिलांच्या घरात, त्यातही ते जिथे उठतात-बसतात-पदर सोडून निवांत पडतात तिथे, त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नका. ती काळजी आपली असते, घर त्यांचं असतं. मी तिची माफी मागितली आणि कॅमेरा काढून कपाटात ठेवला.

जूनच्या चार्टनंतर आईनेच विचारलं की तो कपाटातला कॅमेरा बाहेर पाहायला लावला तर? तर आता तो हॉलच्या खिडकीत आतल्या बाजूला, तोंड ओट्याकडे करून बसवलाय. याला वायर आहे, प्लगमधे चोवीस तास चालू, म्हणून याला उष्णतेच्या सेन्सरची गरजच नाही, हा आत्ताचं चित्र आणि क्षणापूर्वीचं चित्र ताडून बघतो आणि बदललेला आकार माणसाचा आहे का ते ठरवतो. ४५ डिग्री असो की १०, त्याला काही फरक पडत नाही. रात्री एक भानगड झाली, स्क्रीन पांढरीफटक. कॅमेऱ्याभोवती अंधारात बघण्यासाठी इन्फ्रारेडचे बारीक दिवे असतात, त्यांचा उजेड खिडकीच्या डासांच्या जाळीवर आपटून परत भिंगात यायचा. ॲपमधे जाऊन ते दिवे बंद केले आणि ओट्यावर ९ वॅटचा एलईडी रात्रभर चालू ठेवला, चित्र स्वच्छ, रंगीत सुद्धा. 

दोन्ही मिळून आता येणारं माणूस सहसा सुटत नाही. म्हणून माझा सरळ सल्ला, वायर ओढणं शक्य असेल तर वायरवालीच घ्या किंवा वायरचा साधा कॅमेरा जोडीला ठेवा, नुसत्या बॅटरीच्या बेलवर उन्हाळ्यात विसंबू नका.

आता जे मला खरंच मनापासून सांगायचंय ते, बोलण्याचं. बटण दाबलं की आतला डबा वाजतो आणि एकाच वेळी आईचा आणि माझा फोन व्हिडिओ कॉलसारखा वाजतो, आधी जी उचलेल ती बोलते. वॉकरचे ते दोन महिने आईने पलंगावरून सगळं घर चालवलं. भाजीवाली मावशी रोज नऊला येते, ती आता बटण दाबून थेट बेलकडे तोंड करून उभी राहते, आणि आई आतून, "मेथी कशी दिली व?" "पंधराले जुडी, सिस्टरबाई." "दाखव बरं, जवळ आन." मग मावशी मेथीची जुडी उचलून कॅमेऱ्यासमोर धरते, अख्ख्या स्क्रीनवर हिरवं हिरवं, आई म्हणते मुळं पिवळी दिसून राह्यली, मावशी म्हणते नाही बाई ते तुमच्या फोनात दिसते तसं. मी मीटिंगमधे असते, उचलत नाही, पण नंतर रेकॉर्डिंग बघते आणि माझा दिवस चांगला जातो.

आवाज सेकंदभर उशिरा पोचतो आणि एका वेळी एकाच बाजूचा येतो, दोघं एकदम बोलले तर दोघांचंही कापलं जातं. हे स्वस्त बेलमधे असतंच, महागात दोन्हीकडून एकदम बोलता येतं, प्रतिध्वनी खोडायची सोय चांगली असते. आईने त्यावर उपाय काढला, स्वतःचं बोलून झालं की "हं, बोल" म्हणते, आणि आता दूधवाला, मावशी, कुरिअरचा पोरगा, सगळे वाक्याच्या शेवटी "हं बोला" म्हणतात.

मागच्या वर्षी एक माणूस आला, मीटर बघायचंय, दार उघडा म्हणाला. आई बाथरूममधे होती, फोन मी उचलला आणि पुण्यातून विचारलं, दादा तुमचं ओळखपत्र जरा कॅमेऱ्यासमोर धरता का? तो म्हणाला गाडीत राहिलं, आणतो, आणि गेला तो आलाच नाही. तो खरा होता की खोटा मला माहीत नाही, पण आई एकटी आहे हे त्याला कळलं नाही, बाईचा आवाज आतून आला असंच त्याला वाटलं असणार, आणि याची किंमत साडेसहा हजारापेक्षा जास्त आहे.

हे सगळं वाचत असताना मला एक गोष्ट सापडली ती मी आईला फोनवर वाचून दाखवली. दारातला माणूस टीव्हीवर बघून त्याच्याशी आतून बोलायची कल्पना कुणा मोठ्या कंपनीची नाही, ती एका नर्सची आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. तिच्या ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा टेक्निशियन, त्याच्याही वेळा तशाच, म्हणजे बरेचदा ही घरी एकटी, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलिसांना बोलवलं तर यायला उशीर. दोघांनी मिळून १९६६ मधे पेटंटचा अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ ला ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, म्हणजे उंच माणूसही दिसावा आणि लहान पोरही, चित्र आतल्या खोलीतल्या टीव्हीवर, बोलायला माईक आणि स्पीकर, ओळखीचं असेल तर बटण दाबून लांबूनच दार उघडायचं आणि संशय आला तर दुसरं बटण, अलार्मचं. सगळा भर बघण्यावर आणि बोलण्यावर. आई ऐकत होती, एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "नाईट करून येनाऱ्या बाईलेच हे सुचन." आणि मग विचारलं, चार भोकं कशाला, दोन पुरली नसती का, आणि आम्ही त्यावर अर्धा तास बोललो. आमच्या बेलला एकच भिंग आहे पण रुंद आणि उभं चित्र दाखवणारं, डोक्यापासून पायाशी ठेवलेल्या पार्सलपर्यंत सगळं दिसतं. घेताना हे पण बघा, आडव्या चित्राच्या बेलमधे जमिनीवर ठेवलेलं काही दिसत नाही.

तक्रारी आता पटापट. बॅटरी तीन महिने जाते म्हणतात, थंडीत अडीच महिने गेली, पहिल्या मे महिन्यात खोट्या टिंग टिंगमुळे १९ दिवस. दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटरीला किंचित फुगवटा आला, झाकण बसेना. लिथियमची बॅटरी तापली की लवकर म्हातारी होते, आणि फुगलेली दाबून बसवायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही, ही आगीची गोष्ट आहे. वॉरंटीत बदलून मिळाली पण तीन आठवडे आणि सात फोन लागले, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. अकोल्यात सर्व्हिस सेंटर नाही, कुरिअरने पाठवा म्हणतात आणि कुरिअरवाले सुटी लिथियम बॅटरी सहजासहजी घेत नाहीत, या गोष्टीचा कंपन्यांनी जरूर विचार करावा. ॲप मराठीत नाही. हिंदी आहे, पण ते असं हिंदी आहे की आईने इंग्रजीच बरं म्हणून ठेवलं. महाराष्ट्रात एवढा माल विकता तर वीस-पंचवीस वाक्यं मराठीत करायला काय हरकत आहे, मी तसा मेल पण केलाय. आतल्या घंटीचा आवाज कूलर चालू असला की ऐकू येत नाही, शेवटी आईच्या पलंगाजवळच्या प्लगमधे डबा हलवला.

लाईट गेली की बेलच्या बॅटरीचा उपयोग नाही, कारण राऊटर बंद. राऊटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो घ्याच. आणि बेल जोडताना अडकलात तर बघा, या बऱ्याचशा बेल फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडल्या जातात, फोन ५ वर असेल तर तासभर डोकं फिरतं.

पासवर्डबद्दल दोन शब्द, आणि हे टाळू नका. दारातला कॅमेरा म्हणजे आईचं घरात असणं-नसणं दाखवणारी गोष्ट आहे. २०१६ मधे मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) ताब्यात घेतले होते, कसे, तर लोकांनी कंपनीने दिलेला पासवर्ड कधी बदललाच नव्हता. म्हणून पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, ओटीपीवाली दुहेरी तपासणी चालू करा, आणि नातेवाईकांना पासवर्ड देण्यापेक्षा ॲपमधून शेअर करा म्हणजे नंतर काढताही येतं. आमच्या बेलमधे समोरच्या काकूंचं दार थोडं येत होतं, ॲपमधे तेवढा भाग काळा करायची सोय आहे, तो केला आणि काकूंना फोनवर दाखवून पण आले, त्यांनी काही म्हटलं नव्हतं तरी.

सध्या मे सुरू आहे. बॅटरी बदलल्यापासून ३४ दिवस झालेत, अजून ४१ टक्के आहे. आईची वही दुसरी लागलीय, काल सकाळची नोंद तिने पाठवली, १०.५०, ओट्यावर ३७, भाजीवाली उशिरा आली, बेलने पकडली नाही, खिडकीतल्याने पकडली, मेथी नव्हती, चवळी घेतली. पाऊस सुरू व्हायच्या आत बेलच्या मागच्या बाजूला, जिथे ती खांबाला टेकते तिथे, वरून आणि दोन्ही कडांनी सिलिकॉन भरायचंय, खालची कड मोकळी सोडायची म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडतं, मागच्या जुलैत तिथून ओल गेली होती आणि दोन दिवस स्पीकर घोगरा झाला होता.